हवापालट

कोथरूड, पुणे
२० फेब्रुवारी १९९७

प्रिय बाळदादा,

नमस्कार. ‘पित्त झालंय, दुसरं काही नाही,’ हे आईचं वाक्य तुला आठवतं का? माझ्या नावाच्या खालोखाल मी तिच्या तोंडून तेच सगळ्यात जास्त ऐकलं असेन. तुझं पत्र आलं तेव्हा मी मोरावळा बरणीत भरत होते. चिकट हातानेच पाकीट फोडलं आणि पहिल्या चार ओळी वाचता वाचता ते वाक्य कानात वाजलं.

इकडे सगळं ठीक आहे. ह्यांची बदली यंदाही टळली. आमच्या सोसायटीसमोर आणखी एक इमारत उठते आहे, त्यामुळे वाळत घातलेले कपडे सिमेंटसकट घरात येतात. तिकडेही सगळं ठीक आहे असं तू लिहिलंयस. वाचलं.

पत्र तुझ्या बँकेच्या पत्त्यावर पाठवते आहे, त्याचा राग मानू नकोस. घरी आलेली पत्रं बाबा आधी वाचतात आणि फोन त्यांच्या खुर्चीशी आहे. तू चहाच्या सुट्टीत वाच. कुसुमवहिनीला दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

एप्रिलमध्ये बाबांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं, ते बरं झालं. त्यांचे जुने विद्यार्थी हॉलची सगळी व्यवस्था बघताहेत, गौरविका काढताहेत, हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. गणितात गती नसलेल्या किती मुलांना त्यांनी फुकट शिकवलं, ते मी पाहिलेलं आहे. त्या गौरविकेत ‘सरांचे शालजोडीतले’ असं एक पान आहे, आणि त्यासाठी तुला माझ्याकडून घरातली एखादी आठवण हवी आहे. ‘हलकीफुलकी’ असं तू लिहिलंयस आणि खाली रेघही मारलीयस.

मी खरंच लिहायला बसले. पहिली आठवली ती खारट आमटी. बाबांनी पहिला भुरका मारला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, ‘आज समुद्र घरी आलाय. सगळ्यांनी पाय धुऊन घ्या.’ वाक्य चांगलंच आहे. छापलं तर लोक हसतील, मीही लिहिता लिहिता हसले. मग आठवलं की त्यानंतर कितीतरी महिने आई आमटीत मीठ घालताना थबकायची आणि मला चव बघायला सांगायची. मला चव कळायचीच नाही. जीभ कोरडी पडलेली असायची.

म्हणून ती खोडली आणि दुसरी लिहिली. तुला सातवीत गणितात अठ्ठ्याहत्तर मिळाले होते. बाबांनी प्रगतिपुस्तक दोन्ही हातांत धरून पुढे-मागे केलं आणि विचारलं, ‘वा! आणि उरलेले बावीस आपण कुणाला दान केलेत?’ हीसुद्धा छापण्यासारखी आहे. फक्त, दुसऱ्या दिवशी तू शाळेच्या वाटेवर विश्रामबागवाड्यापाशी ओकलास आणि मी तुझं दप्तर धरून उभी होते, ते त्या पानावर बसणार नाही. घरी आल्यावर आईने तुला कोकमाचं सरबत दिलं. पित्त.

बाबांनी आपल्यावर कधी हात उचलला नाही, असं तू नेहमी म्हणतोस. खरं आहे. आवाजही चढवला नाही. ते फक्त आपल्याला ‘अहो’ करायचे. एरवी बाळ्या आणि शाले, आणि एकदम ‘या शालिनीबाई, बसा. देश आपलीच वाट बघत होता.’ शेजारच्या खोल्यांत राहणाऱ्या आनंदीबाई भिंतीपलीकडून हसायच्या. मला त्या वेळी पायाच्या तळव्यांना घाम यायचा. थंडीतसुद्धा. फरशीवर पावलं उमटायची आणि ती दिसू नयेत म्हणून मी परकराने पुसत चालायचे.

दादा, हलकंफुलकं जमत नाहीये. मी तुला दुसरंच काहीतरी लिहिणार आहे आणि केव्हापासून त्याच्याभोवती फिरते आहे.

संक्रांत झाल्यानंतरची गोष्ट. लक्ष्मी रोडच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये मी ब्लाउजपीस बघत होते. हिरव्याच्या तीन छटा काढायला लावल्या, एकही साडीला लागेना. दुकानदार म्हणाला, ‘बाई, आपण घ्यायला आलात की परीक्षा घ्यायला?’ आता एवढ्यावर चक्कर यायची म्हटली तर अर्धं पुणं रोज रस्त्यात आडवं पडेल. पण मला आली. छाती आवळली, हाताच्या बोटांना मुंग्या आल्या, श्वास गळ्याच्या वरच राहिला. मरते आहे असं अगदी स्पष्ट वाटलं. मी दुकानाच्या पायरीवर बसले. तो बिचारा घाबरून पाणी घेऊन धावत आला. ‘काकू, अहो, मी गंमत केली.’ नंतर मी जरा सावरल्यावर म्हणाला, ‘पित्त असेल. सकाळी चहावर निघालात ना?’

घरी कळल्यावर हे मला लगेच कार्डिओग्रामला घेऊन गेले. तो चांगला आला. तरी पुन्हा एकदा तसंच झालं, म्हणून आमच्या इथल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तरुण आहे, फटकळ आहे. पुण्याचीच. तिने सगळं विचारलं. पोट कधी बिघडतं? डोकं कधी दुखतं? मी म्हटलं, तळकट खाल्लं की.

‘कुठल्या दिवशी?’

‘दिवस असा... शनिवारी जास्त.’

‘रविवारी काय असतं?’

‘माहेरी जेवायला जाते. महिन्यातून एकदा.’

तिने पेन खाली ठेवलं. ‘माहेरी जायच्या आदल्या दिवशी जुलाब होतात आणि तुम्ही मला भज्यांची नावं सांगताय?’

टोमणाच होता. पण बोलताना तिचा हात माझ्या मनगटावर होता. असा टोमणा मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

मग म्हणाली, ‘हृदय उत्तम आहे तुमचं. ते पळतंय, कारण त्याला वाटतंय पळायची वेळ आलीय. खांदे जरा खाली घ्या.’ मी म्हटलं, खालीच आहेत. ती म्हणाली, अजून घ्या. घेतले, तर ते चांगले चार बोटं खाली गेले. मी चव्वेचाळीस वर्षांची बाई, माझे खांदे कुठे असतात हे मला ठाऊक नव्हतं. मी तिथे रडले. तिने रडू दिलं, पुढच्या पेशंटला थांबवून ठेवलं. मग तिने विचारलं, ‘लहानपणी घरात कशाची भीती होती?’

मी म्हटलं, सायकलच्या स्टँडची.

तुला नक्की आठवत असेल. संध्याकाळी जिन्याखाली खट्ट करून स्टँड लागायचं. आपण दोघं वर खोलीत सतरंजीवर अभ्यास करत असायचो. त्या आवाजासरशी आईचा पदर खांद्यावर यायचा आणि एक हात कपाळाला जायचा. तू आवंढा गिळायचास, मला तो ऐकू यायचा. माझ्या पोटात कुणीतरी फडकं पिळावं तसं व्हायचं. बाबा आत येऊन काही बोलायचेच असं नाही. पुष्कळदा काहीच बोलायचे नाहीत. कधी तर खारे दाणे घेऊन यायचे आणि तुला कोडी घालायचे. पण आज दाणे आहेत की ‘अहो’ आहे, हे त्या आवाजावरून कळायचं नाही, म्हणून पोट रोज तयारीत राहायचं. जेवायला बसलो की तुझा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकलेला असायचा. दोघांतला कुणाचा थरथरतोय, हे मला कधीच कळलं नाही. तुला कळायचं का?

आणि आता नाशिक आठव. दर मे महिन्यात बाबा शिक्षकांच्या वर्गासाठी नाशिकला जायचे. ते गेले की आई आपल्याबरोबर जेवायला बसायची. एका परातीत पिठलं-भात कालवून तिघंही त्यातूनच. ती गाणं म्हणायची, चक्क मोठ्याने. सुंठ उगाळायची सहाण कोरडी पडून राहायची, मोरावळ्याच्या बरणीला कुणी हात लावायचं नाही. तू भातावर भात घ्यायचास. एका वर्षी आनंदीबाई दारातून म्हणाल्या, ‘काय हो, तब्येत सुधारली तुमची! डोकंबिकं दुखत नाही वाटतं?’

आई म्हणाली, ‘नाही हो. हवापालट झाला ना.’

‘अहो, पण तुम्ही कुठे गेलात? गेले ते मास्तर!’

आपण सगळे हसलो. आई तोंडाला पदर लावून हसली आणि हसता हसता तिने एकदा जिन्याकडे पाहिलं. इतकं उघड होतं, दादा. त्या बाईने ते दारात उभं राहून सांगितलं होतं आणि आपण तो विनोद समजलो. आपल्या घराची सवयच ती. काही चुरचुरीत बोललं गेलं की आधी हसायचं. त्यात खरं काही आहे का, हे बघायला कुणी थांबायचं नाही. बाबा परत आले, स्टँड खट्ट वाजलं, आईने सहाण धुऊन घेतली.

शेवटच्या वर्षात आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. बाबा रिपोर्ट बघून म्हणाले, ‘रिपोर्ट पहिल्या वर्गात पास, पेशंट तेवढा नापास.’ ते डॉक्टरसुद्धा हसले. हीसुद्धा तुझ्या पानावर घे हवी तर.

त्यांचे विद्यार्थी खोटं बोलत नाहीत. त्यांना बाबांचा टोमणा तासापुरता मिळाला, मग घंटा झाली आणि ते मित्रांना सांगत हसत घरी गेले. आपली घंटा झाली नाही. एवढाच फरक.

तू म्हणशील, झालं ते झालं. ऐंशी वर्षांच्या माणसाचा आता काय हिशेब मांडायचा? मी मांडत नाहीये. माझं मी बघेन. डॉक्टरीणबाई श्वास सावकाश सोडायला शिकवताहेत, मी आठवड्यातून एकदा जाते. कधी कधी खांदे खाली राहतात. हे पत्र माझ्यासाठी नाहीच.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन आले होते, तेव्हा बाबा तुझ्या केतकीची भूमिती घेत होते. मी तिच्या मागच्या बाजूला पलंगावर बसले होते. तिच्या उजव्या हातात पेन्सिल होती. डावा हात कानामागे केसांत. एक केस निवडायचा, बोटाला गुंडाळायचा, उपटायचा आणि कंपासपेटीत ठेवायचा. बाबांची काठी जमिनीवर टेकली की पुढचा. ती काय करते आहे हे तिला माहीत नव्हतं, याची मला खात्री आहे, कारण चेहरा प्रमेयाकडे होता. पेटीचं झाकण उघडं होतं. आत कर्कटकाच्या खाली केसांचा पुंजका होता, चिमणीच्या घरट्यासारखा.

वहिनीने मला आत नेऊन सांगितलं की केतकीला चाई लागली आहे, कानामागे रुपयाएवढी जागा उघडी पडली आहे. माक्याचं तेल चालू आहे. गुलकंद चालू आहे. ‘उष्णता हो, वन्सं. आपल्या घराण्यातच आहे ना पित्त.’ आणि कार्यक्रमात केतकी आजोबांवर भाषण करणार आहे, तेव्हा गजरा माळला की दिसायचं नाही, असंही म्हणाली. मी वहिनीला दोष देत नाही. तिलाही या घरात येऊन वीस वर्षं झाली, तीही आपलीच भाषा बोलणार.

मग जेवताना केसांचा विषय निघाला. बाबांनी घास गिळला आणि म्हणाले, ‘जाऊ द्यात केस. निदान आत काही आहे का, ते तरी दिसेल.’

सगळे हसले. तू हसलास. माझंही तोंड हसलं, त्याला सवय आहे. केतकी सगळ्यांत जास्त हसली आणि तिचे कान लालबुंद झाले. तिने पानातला गुळाच्या पोळीचा तुकडा तासभर चघळला आणि मोरीत जाऊन टाकला. तू ते पाहिलं नाहीस. तू ताटाकडे बघत होतास.

मी निघाले तेव्हा ती मला जिन्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, ‘आत्या, आजोबा नुसते जोक करतात. मला माहितीये ते. मला रागपण नाही येत. मग माझ्या पोटात का दुखतं?’

मी काय सांगितलं असेल तिला? मी म्हटलं, ‘पित्त झालं असेल गं, दुसरं काही नाही.’

ते आईचं वाक्य माझ्या तोंडून आलं. तिने मान डोलावली, ती वर गेली. बसस्टॉपपर्यंत मला काही वाटलं नाही. पुढे ते दुकान, ती पायरी, ती डॉक्टरीण. तिच्या खोलीत रडले ती यासाठी.

आणखी एक सांगायचं आहे. हे लिहू की नको, असं कालपासून चाललं होतं. त्याच दिवशी मी खाली आले तेव्हा तू वहिनीसाठी पानाच्या दुकानातून काहीतरी आणायला गेला होतास. तू परतलास तेव्हा मी रस्त्यापलीकडे बसस्टॉपवर होते, तुला दिसले नाही. तू स्कूटर लावलीस आणि जिन्याखाली उभा राहिलास. किल्ली हातात होती. वर खिडकीत बाबांचा दिवा होता. तू त्या खिडकीकडे पाहिलंस, मग भिंतीला पाठ लावलीस आणि डोळे मिटून तसाच राहिलास. माझी एक बस गेली तरी तू तिथेच होतास. एका बँकेचा मॅनेजर, पन्नाशीला आलेला माणूस, स्वतःच्या घराच्या जिन्याखाली. मला धावत येऊन तुझ्या शेजारी उभं राहावंसं वाटलं, गुडघ्याला गुडघा लावून. नाही आले. तुला लाज वाटली असती, आणि तू काहीतरी चुरचुरीत बोलला असतास.

तुझे दात झिजलेत, झोपेत तू ते खातोस, डॉक्टरांनी त्यावर काहीतरी बसवायला दिलंय, हे तूच मला हसत हसत सांगितलं होतंस. ‘बँकेत कुणाला खाता येत नाही, म्हणून स्वतःचेच खातो.’ वाक्य चांगलं होतं. अगदी बाबांसारखं.

तुझ्या स्कूटरचं स्टँड लागलं की वर केतकीचं काय होतं, ते मला माहीत नाही. मी पाहिलेलं नाही. तू विचारून बघ. विचारवत नसेल तर जिन्यात थांबून ऐक.

दादा, आता मागणं. नववीची परीक्षा मार्चअखेर संपते. संपली की केतकीला माझ्याकडे पाठव. कार्यक्रमाच्या आधी. तिथे तिला भाषणाला उभी करू नका, गजरा नको. दहावीचं वर्ष तिला इथे राहू दे. आमची मागची खोली रिकामी आहे, शाळेला इथून थेट बस आहे. गणिताला क्लास लावू, तिथे शिकवणारा नुसतं गणित शिकवतो. डॉक्टरीणबाईंशी मी बोलून ठेवलं आहे. केस येतील म्हणाल्या. लवकर आली तर येतील.

तू काय उत्तर देशील तेही मला ठाऊक आहे. ‘एवढा कार्यक्रम पार पडू दे, मग बघू.’ मग दहावी पार पडू दे. मग बारावी. आणि खालच्या ओळीत, ‘बाबांना काय सांगू?’ पन्नाशीच्या माणसाला आपल्या मुलीला बहिणीकडे पाठवायचं तर हा प्रश्न पडतो, यातच माझं सगळं पत्र आलं. बाबांना सांग, शालूने मागितली. ते म्हणतील, ‘शालिनीबाईंना अजून घरचा अभ्यास पुरा करता आला नाही, आता दुसऱ्याचा घ्यायला निघाल्या.’ म्हणू देत. तू हसू नकोस, एवढं कर.

वाईट वाटून घेऊ नकोस असं लिहिणार होते, पण घे. आपण दोघांनी ते कधी वाटूनच घेतलं नाही, म्हणून ते दातांत आणि पोटात जाऊन बसलं. गौरविकेसाठी मी काही पाठवत नाही. कार्यक्रमालाही येणार नाही. लोकांनी विचारलं तर सांग, तिला पित्ताचा त्रास आहे. सगळ्यांना पटेल.

मला ‘नाही’ असंच लिहिशील. तरी ते लिहायच्या आधी, पेन हातात असतानाच, दुसरा हात एकदा आपल्या जबड्याला लावून बघ. आणि मग केतकीला माझ्याकडे पाठव.

तुझ्या शेजारच्या पाटावरची,
शालू